सापाची मावशी आणि उसाचे पाचट

मार्गशीर्ष लागला, की आपल्या भागात दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. एक सारंगखेड्याच्या यात्रेची आणि दुसरी ऊसतोडीच्या टोळीची. टोळी कधी येणार, आपला नंबर कधी लागणार, वजन किती भरणार, या काळजीत शेतकरी असतो. ऊस तुटून गाडीत भरला गेला, की मोकळा श्वास घेतो आणि खिशातून काडेपेटी काढतो. पाचट पेटवले, की रान मोकळे! पिढ्यान्‌पिढ्या हे असेच चालत आले आहे.

गेल्या हंगामात गोमाईकाठच्या एका सभासदाच्या शेतावर आम्ही असेच गेलो होतो. ऊस निघून दोन दिवस झाले होते. घरातले वडीलधारे आप्पा बांधावरच्या निंबाखाली बसले होते. संध्याकाळी वारा पडला की पाचट पेटवायचे, असे ठरलेले होते. बोलत बोलत आम्ही सरीत उतरलो आणि पायाने पाचटाचा एक ढीग बाजूला केला. तोच आतून काहीतरी चकाकत सुर्रकन पळाले. दोन हात गेले, थांबले आणि मान वर करून आमच्याकडे बघू लागले. वीतभर लांब, तांब्याच्या तारेसारखे चमकदार अंग, चार आखूड पाय.

"भाऊ, मांगे सरा, इखारी शे ती!" टोळीतली एक बाई ओरडली. एका पोराने कोयत्याची मूठ उलटी धरली. आप्पा बसल्या जागेवरून म्हणाले, "सापाची मावशी आहे. चावली तर पाणी मागू देत नाही, म्हणतात."

आम्ही विचारले, "आप्पा, तुमच्या सत्तर वर्षांत हिच्या चावण्याने कोणी मेलेला पाहिला?"

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, डोके खाजवले आणि म्हणाले, "पाहिला नाही बुवा. ऐकलंय मात्र खूप."

सभासद बंधु-भगिनींनो, आजचा हा लेख या ऐकण्याबद्दल आणि पाहण्याबद्दल आहे.

ही मावशी आहे तरी कोण?

पुस्तकात हिला सापसुरळी म्हणतात. बोलीत कोणी सापाची मावशी म्हणते, पलीकडे गुजरातेत गेले तरी सापनी मासी हेच नाव. नाव सापाचे असले तरी ती साप नव्हे. पाल आणि सरडा यांच्या गोतातला हा प्राणी आहे. अंगावरचे खवले गुळगुळीत, कौलांसारखे एकावर एक रचलेले, म्हणून अंग तेल लावल्यासारखे चमकते. मानेला वेगळा आकार नाही, पाय लहान, पळताना अंग सापासारखे वळवळते. एवढ्याच साम्यावर बिचारीला सापाचे नाते चिकटले आणि त्या नात्यापायी ती मार खाते.

तिला विषाचे दात नाहीत, विषाची पिशवी नाही. हातात धरली तर चिमटा काढल्यासारखी चावेल, त्यापलीकडे काही होत नाही. आपल्या शेतात माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यांच्यापासून सावध राहावेच. साप चावला तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठावा आणि सर्पविषावरची लस घ्यावी. पण सापाची भीती मावशीवर काढण्यात कसलेच शहाणपण नाही.

सापसुरळीचे जेवण म्हणजे नाकतोडे, रातकिडे, भुंगेरे, वाळवी, कोळी. दिवसभर ती पालापाचोळ्यातून, बांधाच्या दगडांतून हिंडते आणि दिसेल तो किडा टिपते. आमची मजुरी नाही, उचल नाही, कमिशन नाही, असे हे काम.

संकट आले तर तिच्याकडे एकच शस्त्र, ते म्हणजे तिची शेपटी. कोणी पकडली की शेपटीच्या मणक्यातल्या ठरलेल्या जागी ती तुटते. तुटलेला तुकडा मिनिटभर वळवळत राहतो, शत्रू त्यात गुंततो, तेवढ्यात मावशी पसार. पुढे नवी शेपटी फुटते. पण तिच्यात हाड नसते, कूर्चेची कांडी असते, आणि रंगही मूळ शेपटीशी जुळत नाही. शेपटीतच तिची चरबी साठवलेली असते. म्हणजे शेपटी तोडणे हा तिच्या दृष्टीने शिलकेतला पैसा मोडण्याचा व्यवहार आहे. आपणही नडीअडचणीला बायकोच्या अंगावरचा डाग मोडतो, त्यातलाच प्रकार.

आणखी एक गोष्ट. कधी कधी लालभडक शेपटीची, अंगावर काळे ठिपके असलेली बारीक सापसुरळी दिसते. लाल शेपटी बघून लोक हमखास घाबरतात. ती ठिपक्यांच्या सापसुरळीची पिल्ले असतात. शत्रूचे लक्ष डोक्याकडून शेपटीकडे जावे, म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे. विषाचा तिथे संबंध नाही.

एकाच गटातली जमीन

जगात सापसुरळीच्या सतराशेहून अधिक जाती आहेत. आपल्या शेतात नेहमी दिसते ती मोठी, पाठीवर बारीक कंगोरे असलेली जात देशभर बहुतेक ठिकाणी आढळते. तिचे पोट भरायला सगळा मुलूख आहे. पण सगळ्यांचे नशीब तसे नाही. काही लहान जातींचा मुलूख अगदी आखूड. एखादा डोंगर, एखादे जंगल, एखादे बेट, एवढेच त्यांचे जग.

आपल्या महाराष्ट्रातही अशी उदाहरणे आहेत. अंगावर काळ्या रेघा असलेली, बोटभर लांबीची, गांडुळासारखी बारीक एक सापसुरळी आहे. पाय इतके इवलेसे, की असून नसल्यासारखे. जॉन एडवर्ड ग्रे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३९ साली तिला शास्त्रात नाव दिले. महाराष्ट्र आणि आजूबाजूचा पश्चिम भारत एवढाच तिचा मुलूख. गुंथरच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी एक जात सह्याद्रीच्या उत्तर भागातली. तिला १८७९ साली नाव मिळाले. तिसरीला १९७६ साली गोव्याचे नाव मिळाले. या सगळ्या जाती पाल्याखाली, भुसभुशीत मातीत, दगडाखाली राहणाऱ्या. समोरून गेल्या तरी गांडूळ समजून आपण दुर्लक्ष करू, अशा.

चौथीची हकीकत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले थिओडोर रूझवेल्ट, त्यांचे दोन मुलगे १९२५ साली आशियाच्या मोहिमेवर निघाले. मोहिमेत गोळा झालेले प्राणी शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये पोचले. तिथले शास्त्रज्ञ कार्ल पॅटरसन श्मिट यांनी त्यांतले साप-सरडे तपासले. त्यांत एक लहानशी तपकिरी सापसुरळी होती, चांदा जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या जंगलात सापडलेली. ती निराळी जात आहे, असे श्मिट यांनी १९२६ साली लिहिले आणि गावाच्या नावावरून तिचे बारसे केले. तो भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. पुढे १९८२ साली गडचिरोली जिल्हा झाला आणि आलापल्ली त्यात गेली. १९९८ साली धुळ्यातून आपला नंदुरबार वेगळा झाला, तसेच ते. जिल्ह्यांची नावे बदलली, राज्ये बदलली, पण जगातल्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतून आलापल्लीचे नाव त्या बोटभर जिवाच्या पाठीवर अजून टिकून आहे. नंतर ती महाराष्ट्रात व शेजारच्या राज्यांत इतरत्रही सापडली. भारताबाहेर मात्र ती नाही.

या श्मिट साहेबांचा शेवट कसा झाला, तेही सांगून टाकतो. १९५७ साली आफ्रिकेतला एक बूमस्लँग साप त्यांनी हाताळला आणि तो अंगठ्याला चावला. आपल्याला काय काय होते आहे, याच्या नोंदी ते लिहीत राहिले आणि दुसऱ्या दिवशी गेले. आयुष्यभर सापात वावरलेला माणूससुद्धा खऱ्या सापापुढे चुकला. सांगायचे हे, की साप तो साप आणि मावशी ती मावशी. दोघांची गल्लत कोणत्याच बाजूने करू नये.

मुलूख लहान असणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळे समजवायला नको. ज्याची जमीन चार शिवारांत विखुरलेली आहे, त्याचा एक तुकडा पुराने खरवडला तरी बाकीच्यावर तो तग धरतो. ज्याची सगळी जमीन एकाच गट नंबरात आहे, त्याचा तो गट बुडाला की तो संपला. उकाईच्या आणि सरदार सरोवराच्या बुडिताची झळ आपल्या जिल्ह्याने सोसली आहे. बुडीत म्हणजे काय, ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. लहान मुलखाच्या प्राण्याचे तसेच असते. त्याला पुनर्वसनाचा अर्जही करता येत नाही.

साखरेच्या बेटावरची गोष्ट

आता ऊस आणि सापसुरळी या दोघांचा संबंध जिथे पुरता उघडा पडला, त्या मुलखाची गोष्ट. हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे बेट आहे. तिथल्या उसाच्या मळ्यांवर राबायला १८३४ सालापासून आपल्या देशातून मजूर नेले गेले. त्यात कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते.

त्या बेटावर कधी काळी सापसुरळ्यांच्या अनेक जाती होत्या, जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या. पण जहाजांबरोबर उंदीर उतरले. आपल्याकडची चिचुंद्री उतरली. आपल्याकडचा कवड्या सापही कधी तरी मालाबरोबर तिथे पोचला. जंगल तोडून ऊस लावला गेला. या सगळ्याच्या तडाख्यात मुख्य बेटावरच्या बऱ्याच जाती नाहीशा झाल्या आणि काही तेवढ्या आजूबाजूच्या लहान बेटांवर उरल्या. टेलफेअरची सापसुरळी म्हणून एक मोठी जात आहे, ती राउंड आयलंड नावाच्या एका बेटावर तगून राहिली. ज्या चार्ल्स टेलफेअरचे नाव तिला १८३१ साली मिळाले, तो स्वतः तिथला साखरमळ्याचा मालक होता. नाव द्यायला साखरवाला होता, पण मुख्य बेटावर जागा मात्र उरली नाही.

मॉरिशसच्या उत्तरेला फ्लॅट आयलंड नावाचे छोटे बेट आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून आलेल्या मजुरांना पटकीच्या भीतीने तिथे वेगळे ठेवत. त्या बेटावर १९९५ साली नारिंगी शेपटीची एक लहान सापसुरळी सापडली. शास्त्रज्ञांना काळजी वाटली, की ही एकाच बेटावर आहे, उद्या काही झाले तर? म्हणून २००८ ते २०१० या काळात त्यांनी त्यांतल्या काही पकडून कोआं द मीर या शेजारच्या, उंदीर नसलेल्या बेटावर नेऊन सोडल्या. आणि नेमके २०१० साली फ्लॅट आयलंडवर चिचुंद्री शिरली. बघता बघता मूळ बेटावरची नारिंगी शेपटीची वस्ती संपली. दुसऱ्या बेटावर नेलेल्या वाचल्या आणि वाढल्या. दोन वर्षे उशीर झाला असता, तर ती जात या जगातून गेली असती.

आपल्या घरात रात्री चिकचिक करत भिंतीकडेने पळणारी चिचुंद्री. इथे तिचे कोणी काही मानत नाही. तिथे तिने एका जातीचे निसंतान करत आणले.

उसासाठी केलेल्या दुसऱ्या एका उपायाची गोष्टही अशीच. १८७२ साली जमैका बेटावरच्या एका मळेवाल्याने उसातले उंदीर मारायला कलकत्त्याहून नऊ मुंगुसे नेली. मुंगसांनी उंदीर थोडेफार खाल्ले, पण जमिनीवरचे पक्षी, सरडे, सापसुरळ्या त्याहून जास्त फस्त केल्या. कारण सोपे आहे. उंदीर बराचसा रात्री फिरतो आणि मुंगूस दिवसा. नंतर इतर साखर बेटांनीही मुंगूस नेले आणि तोच पश्चात्ताप केला. बाहेरून जालीम उपाय आणण्याआधी आपल्या रानात आधीपासून कोण काम करते आहे, ते पाहावे, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

पुन्हा आप्पांच्या शेतात

आम्ही हे सगळे आप्पांना तिथेच निंबाखाली सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "सगळं खरं. पण पाचट नाही जाळलं तर खोडव्याला पाणी कसं द्यायचं? उंदीर वाढतात. बैल अडखळतो. टोळीवाले गेले, मजूर मिळत नाही. तुम्ही लेख लिहून मोकळे व्हाल."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि आम्ही वाद घातला नाही. संध्याकाळी त्यांनी पाचट पेटवले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुद्दाम परत गेलो. काळ्या राखेत, एका सरीच्या कडेला दोन सापसुरळ्या पडल्या होत्या. जवळच एक बेडूक. आप्पांनी त्या काठीने उलट्या केल्या, बघितल्या आणि काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "कालचीच असेल का हो एक?"

आम्हाला सांगता आले नाही.

आता हिशेबाचे बोलू. हेक्टरी उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. त्यात अर्धा टक्क्याच्या आसपास नत्र, थोडे स्फुरद आणि एक टक्क्याच्या आसपास पालाश असते. काडी लावली की नत्र धुरात जाते, सेंद्रिय कर्ब जातो, वरच्या थरातले जिवाणू भाजतात. आणि मग आपण सोसायटीकडे खताच्या पोत्यांसाठी रांग लावतो. शेजाऱ्याचा उभा ऊस ठिणगीने पेटल्याची भांडणे गावोगाव आहेत, ती वेगळीच.

पाचट ठेवायचे तर त्याची रीत आहे. ऊस तुटल्यावर बुडख्यावर पडलेले पाचट सरीत ओढून घ्यावे आणि बुडखे उघडे करून जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटावेत. दर टन पाचटामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू सरीतल्या पाचटावर टाकावेत. जिवाणू शेणखतात मिसळून टाकले तर सारखे पसरतात. मग पाणी द्यावे. पहिले पाणी पुढे सरकायला वेळ लागतो, हे आप्पांचे म्हणणे बरोबर आहे. पण पाचट एकदा दबले की पुढच्या पाळ्या सुरळीत जातात आणि ओल जास्त दिवस टिकते. सरी फार जवळजवळ असतील, तर एका आड एक सरीत पाचट ठेवून दुसरी सरी पाण्याला मोकळी ठेवता येते. उन्हाळ्यात गोमाई आटते आणि विजेचा भरवसा नसतो, तेव्हा या ओलीची किंमत कळते.

सापसुरळी ठेवली की हुमणी संपेल, असे आम्ही सांगणार नाही. हुमणी जमिनीखाली मुळे खाते, तिच्यासाठी वळवाच्या पावसानंतर निंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे सामुदायिकपणे गोळा करून मारणे हाच भरवशाचा इलाज आहे. एकटी सापसुरळी काही करू शकत नाही. पण सापसुरळी, बेडूक, कोळी, मुंग्या, साळुंकी, बगळे, अशी सगळी मिळून रानात किड्यांवर एक पहारा असतो. महाराष्ट्रात २००२ साली उसावर लोकरी मावा आला, तेव्हा फवारे मारून शेतकरी थकले. शेवटी त्याला आवरले ते डिफा आणि मायक्रोमस यांसारख्या मित्रकिडींनी, हे आपण विसरलेलो नाही. हा पहारा फुकट मिळतो, म्हणून त्याची किंमत शून्य नाही.

आणि शेवटचे. आपल्या बांधावर दिसणारी सापसुरळी दुर्मीळ नाही. ती मेली म्हणून जात संपणार नाही. पण आपल्या उशाला सातपुडा आहे. तोरणमाळच्या कड्याकपारीत, पाल्याखाली कोणकोण राहते, याची सगळी मोजदाद झालेली नाही. आलापल्लीचा तो बोटभर जीवही कोणी उचलून नीट पाहीपर्यंत बेनाव होता. डोंगरालगतच्या आपल्या शिवारात कोयता उगारण्याआधी एक क्षण थांबून पाहिले, तर आपले काही जाणार नाही.

ताजा कलम: यंदाच्या हंगामात आप्पांनी निरोप पाठवला. ओढ्याकडच्या एका एकरात त्यांनी पाचट जाळलेले नाही, बाकी रानात नेहमीप्रमाणे जाळले आहे. "एक एकर करून बघतो. खोडवा कसा फुटतो ते बघू, मग बोला," असे त्यांचे शब्द आहेत. हा करार आम्हाला मान्य आहे. खोडवा कसा फुटला, ते पुढच्या अंकात जसे असेल तसे छापू. सभासदांपैकी आणखी कोणी असा एक एकर राखून ठेवला असेल, तर गट ऑफिसात नोंद द्यावी आणि खोडव्याच्या वजनाची पावती जपून ठेवावी. बोलणे पुरे, आता वजनकाट्यावर बघू.